यकृतातलं एक प्रथिन आणि आपलं बीपी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आत्या नऊ वर्षं बीपीची गोळी घेते. मागच्या महिन्यात तिने पाकीट माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "ही नक्की काम कुठे करते गं? हृदयात की डोक्यात?" मी नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. फळ्यावर बाण काढून समजावायची सवयच लागली आहे, म्हणून वर्तमानपत्राच्या कडेला तिलाही बाण काढून दाखवले. पहिला बाण यकृतातून निघतो म्हटल्यावर ती आत गेली आणि लिव्हरचा रिपोर्ट घेऊन आली. "माझं लिव्हर तर नॉर्मल आहे!"

तिचे, वर्गातल्या मुलींचे आणि ओळखीपाळखीत फोनवर विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गोळी सुरू करणं, बदलणं, बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम आहे. या पानाच्या जोरावर ते करू नका.

बीपी हा हृदयाचा विषय ना? त्यात लिव्हर कुठून आलं?

हृदय पंप आहे, हे खरंच. पण पंप किती जोरात चालतो यावर सगळं ठरत नाही. नळ्या किती आवळलेल्या आहेत आणि आत पाणी किती भरलंय, यावरही दाब ठरतो. या दोन गोष्टी सांभाळणारी एक मोठी यंत्रणा शरीरात आहे. तिचा कच्चा माल यकृत बनवतं आणि तिची किल्ली मूत्रपिंडाकडे असते. कच्च्या मालाचं नाव अँजिओटेन्सिनोजेन, किल्लीचं नाव रेनिन.

यकृत हा माल रात्रंदिवस बनवून रक्तात सोडत असतं. तुमचं बीपी वाढलेलं असो की नसो, रिपोर्ट नॉर्मल असो की नसो, तो रक्तात असतोच. म्हणजे आत्याचं लिव्हर नॉर्मल आहे, आणि तिच्या बीपीत लिव्हरचा हातही आहे. दोन्ही खरं.

नाव इतकं अवघड का?

कारण ते दोन नावांच्या भांडणातून तयार झालं आहे. १९४० च्या सुमारास अमेरिकेत इंडियानापोलिसला अर्विन पेज यांचा गट आणि अर्जेंटिनात ब्यूनस आयर्सला एदुआर्दो ब्राउन-मेनेंदेझ यांचा गट एकाच गोष्टीपाशी पोचले, आणि तेही एकमेकांवर अवलंबून न राहता. दोघांच्याही लक्षात आलं की मूत्रपिंडातलं रेनिन स्वतः दाब वाढवत नाही. ते रक्तातलं एक प्रथिन कापतं आणि त्यातून सुटणारा छोटा तुकडा दाब वाढवतो. अमेरिकनांनी त्या तुकड्याला 'अँजिओटोनिन' म्हटलं, अर्जेंटिनावाल्यांनी 'हायपरटेन्सिन'. पुढे जवळपास दोन दशकं दोन्ही नावं चालली. शेवटी १९५८ साली पेज आणि ब्राउन-मेनेंदेझ यांनी मिळून तोडगा काढला : अर्धं नाव तुमचं, अर्धं आमचं. झालं 'अँजिओटेन्सिन'. ते ज्यातून जन्मतं ते 'अँजिओटेन्सिनोजेन'. शेवटचं 'जेन' फायब्रिनोजेन आणि ट्रिप्सिनोजेनमध्येही भेटतं, आणि आपल्या 'जनक'शी त्याचं नातं आहे.

मुलींना मी सांगते, नाव पाठ होत नसेल तर भांडण लक्षात ठेवा.

ते दिसतं तरी कसं?

डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण त्याची रचना माहीत आहे. रक्तात फिरणारं हे प्रथिन ४५२ अमिनो आम्लांची माळ आहे, आणि ती माळ गुंडाळून गोळा झालेली असते. उपयोगाची आहेत फक्त सुरुवातीची दहा. रेनिन येतं, तेवढा दहा मण्यांचा तुकडा कापतं आणि निघून जातं. उरलेल्या ४४२ मण्यांचं काय, असा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतंच. तो भाग म्हणजे बराचसा मूठ आहे : कापायची जागा रेनिनपुढे नीट धरायची, एवढं त्याचं मुख्य काम.

ही मूठ नुसती निर्जीव नाही. २०१० साली केंब्रिजच्या संशोधकांनी या प्रथिनाची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली. त्यांना दिसलं की त्यात गंधकाचा एक टाका आहे. टाका जुळलेला असला की रेनिनचं कापणं सोपं होतं, सुटलेला असला की थोडं अवघड जातं. गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याचा जो आजार आहे, प्रीएक्लॅम्प्सिया, त्या स्त्रियांच्या रक्तात टाका जुळलेल्या प्रथिनाचं प्रमाण जास्त आढळलं.

मग दाब वाढतो नेमका कसा?

सावकाश बघू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

मूत्रपिंडात रक्त गाळणारी लाखो छोटी जाळी असतात. प्रत्येक जाळीत शिरणाऱ्या बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीत काही पेशी रेनिनच्या दाण्यांनी भरलेल्या असतात. तीन कारणांनी त्या रेनिन सोडतात : तिथला रक्ताचा दाब कमी झाला, गाळलेल्या पाण्यात मीठ कमी आलं, किंवा मेंदूकडून येणाऱ्या मज्जातंतूंनी घाई केली.

रेनिन रक्तात येतं आणि यकृताच्या प्रथिनाचा दहा मण्यांचा तुकडा कापतं. हा अँजिओटेन्सिन एक, आणि तो जवळजवळ निरुपयोगी असतो. रक्ताबरोबर तो फुप्फुसांत पोचतो. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर एसीई नावाचं विकर बसलेलं असतं. ते शेवटचे दोन मणी तोडतं. उरतात आठ. हा अँजिओटेन्सिन दोन, आणि सगळा खेळ याचा आहे.

तो रक्तवाहिन्या आवळतो. मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतो, आणि ते मीठ व त्याबरोबर पाणी शरीरात धरून ठेवतं. तहान लावतो. लघवी कमी करायला लावणाऱ्या संप्रेरकालाही हलवतो. एवढं सगळं करून स्वतः मिनिटभरात मोडून जातो. म्हणून दाब टिकवायचा तर साखळी सतत चालत राहावी लागते, आणि ती चालत राहायची तर यकृताचा माल सतत यावा लागतो.

हा सगळा खटाटोप शरीराला कशाला हवा?

मे महिन्यात दिवसभर रानात राबून घामाने निथळलेला माणूस संध्याकाळी ताठ उभा राहू शकतो, त्याला चक्कर येत नाही, यामागे हीच यंत्रणा आहे. बाळंतपणात रक्त गेलं, जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं, अशा वेळी मेंदूकडचा रक्तपुरवठा तीच सांभाळते. मीठ दुर्मीळ आणि जखमा रोजच्या, अशा दिवसांसाठी ती घडली आहे. हाडं असलेल्या माशांतही ती सापडते, इतकी जुनी आहे. आता मीठ पापडात, लोणच्यात, फरसाणात, पावात, सगळीकडे आहे आणि घाम एसीने वाळतो. यंत्रणा मात्र तीच आहे.

हे सगळं शोधलं कोणी?

सुरुवात स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत झाली. रॉबर्ट टायगरस्टेट आणि त्यांचे सहकारी पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत सोडला आणि त्याचा रक्तदाब चढताना पाहिला. १८९८ साली त्यांनी ते छापलं आणि त्या अज्ञात द्रव्याला 'रेनिन' नाव दिलं. मग हे जवळजवळ विस्मरणात गेलं. १९३४ साली क्लीव्हलँडच्या हॅरी गोल्डब्लॅट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी चांदीच्या चिमट्याने थोडी आवळली आणि त्यांचं बीपी कायमचं वाढलं, तेव्हा रेनिनची फाइल पुन्हा उघडली. अँजिओटेन्सिनची एक आणि दोन अशी रूपं आणि मधलं एसीई विकर लेनर्ड स्केग्ज यांच्या गटाने १९५० च्या दशकात दाखवलं, तेही क्लीव्हलँडलाच.

यकृताचा वाटा? यकृत काढलेल्या कुत्र्यांच्या रक्तातून हे प्रथिन ओसरत जातं, हे १९४० च्या दशकातच दिसलं होतं. पण औषध शोधणारे पुढची साठेक वर्षं साखळीच्या खालच्या टोकाशीच काम करत राहिले. यकृत फळ्यावर पहिल्या बाणाच्या डावीकडे नुसतं लिहून ठेवायची गोष्ट झालं. मीही ते तसंच शिकवलं.

प्रथिन जास्त म्हणजे बीपी जास्त, इतकं सरळ आहे का?

बरंचसं. पण हे पटायला वेळ लागला, आणि का लागला ते मजेशीर आहे.

गुऱ्हाळ बघितलं असेल तर समजेल. चरकात ऊस तुडुंब भरलेला असेल तर बाहेर आणखी दहा गाड्या उभ्या केल्याने रस वाढत नाही. चरकाचा वेग वाढवला तरच वाढतो. बराच काळ शिकवलं जायचं ते असं की रेनिन हा चरक आहे, ऊस मुबलकच आहे, तेव्हा उसाकडे बघायची गरज नाही. पण माणसाच्या रक्तातला हिशेब नीट मांडला तेव्हा कळलं की चरक कधीच पूर्ण भरलेला नसतो. जेवढं प्रथिन रक्तात आहे तेवढ्यावर रेनिन जेमतेम निम्म्या वेगाने चालतं. म्हणजे ऊस वाढवला की रसही वाढतो.

याचा सगळ्यात सुबक पुरावा उंदरांतला आहे. नॉर्थ कॅरोलिनात ऑलिव्हर स्मिथीज यांच्या प्रयोगशाळेने या प्रथिनाच्या जनुकाच्या एक, दोन, तीन, चार अशा प्रती असलेले उंदीर तयार केले. जनुकं तीच, संख्या तेवढी वेगळी. १९९५ साली त्यांनी दाखवलं की दर जादा प्रतीमागे रक्तदाब सुमारे ८ मिलिमीटर (पाऱ्याचे, बीपीचे आकडे याच मापात असतात) चढतो. स्मिथीज यांना पुढे २००७ साली नोबेल मिळालं, ते उंदरांत जनुकं नेमकी बदलण्याच्या तंत्रासाठी.

माणसांत १९९२ साली युटा आणि पॅरिसच्या कुटुंबांतल्या भावंडांवर मोठा अभ्यास झाला. या प्रथिनातला २३५ वा मणी मेथिओनिनऐवजी थ्रिओनिन असला, तर रक्तातलं प्रथिन थोडं जास्त असतं आणि बीपीकडे कलही थोडा जास्त असतो, असं निघालं. 'थोडं' यावर जोर. एका मण्याने कोणाचं नशीब ठरत नाही, आणि ही जनुकचाचणी करून घ्यायची काही गरज नाही. कोणी पॅकेजमध्ये घालून विकत असेल तर पैसे वाचवा.

गर्भनिरोधक गोळ्यांनी बीपी वाढतं म्हणतात. यामुळेच का?

मोठा भाग यामुळेच. गोळीतलं इस्ट्रोजेन आतड्यातून थेट यकृतात पोचतं आणि यकृताला हे प्रथिन जास्त बनवायला लावतं. रक्तातली पातळी काही पटींनी वाढू शकते. बहुतेक जणींचं मूत्रपिंड त्याला उत्तर देतं, रेनिन कमी सोडतं, आणि बीपी फारसं हलत नाही. काहींचं मात्र वाढतं, आणि गोळी बंद केल्यावर काही आठवडे-महिन्यांत उतरतं. म्हणून गोळी सुरू करण्याआधी बीपी मोजायचं असतं आणि सुरू केल्यावर पुन्हा. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळीत नेमकं हेच राहून जातं.

यकृताचा हात इथे किती आहे, ते एका गोष्टीवरून दिसतं. पाळी गेल्यावर दिलं जाणारं एस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन गोळीऐवजी त्वचेवरच्या पट्टीतून दिलं तर ते आधी यकृतातून जात नाही, आणि प्रथिन फारसं वाढत नाही.

गरोदरपणात?

तेव्हाही हे प्रथिन वाढतं. पण निरोगी गरोदरपणात रक्तवाहिन्या अँजिओटेन्सिनला दाद देईनाशा होतात, म्हणून मधल्या महिन्यांत बीपी उलट थोडं कमीच असतं. प्रीएक्लॅम्प्सियात हा बेपर्वाईचा गुण जातो.

याच प्रश्नाला जोडून एक इशारा, अगदी ठळक अक्षरात असल्यासारखा वाचा. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेल्या गोळ्या गरोदरपणात घ्यायच्या नसतात. बाळाची मूत्रपिंडं घडायला हीच साखळी लागते. ज्या मुलांना जन्मतःच या प्रथिनाचं जनुक दोन्ही बाजूंनी बिघडलेलं मिळतं, त्यांच्या मूत्रपिंडातल्या नळ्या नीट तयारच होत नाहीत. गोळीने साखळी तोडली तर पोटातल्या बाळाची तीच गत होऊ शकते. दिवस गेल्याची शंका आली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

फॅटी लिव्हर निघालं आहे. म्हणून बीपी वाढलं का?

दोन्ही एकाच माणसात सापडणं फार नेहमीचं आहे, कारण दोघांचं मूळ बरेचदा एकच असतं : पोटावरची चरबी आणि इन्शुलिनला न जुमानणारं शरीर. चरबीच्या पेशी स्वतःही थोडं अँजिओटेन्सिनोजेन बनवतात. पण 'फॅटी लिव्हर, म्हणून प्रथिन जास्त, म्हणून बीपी' अशी सरळ रेघ मी ओढणार नाही. वजन पाच-सात किलो उतरलं तर दोन्हीला फायदा होतो, एवढं नक्की.

दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांचं बीपी वाढतं, त्यामागच्या कारणांत मात्र हे प्रथिन जास्त बनवण्याचा यकृताला मिळालेला हुकूम एक आहे.

लिव्हर खराब झालं तर बीपी कमी होतं का?

सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत आकसून घट्ट झालं की, होतं. काही जणांची वर्षानुवर्षांची बीपीची गोळी तेव्हा सुटते, आणि घरच्यांना ते चांगलं लक्षण वाटतं. ते नसतं. यकृत कच्चा माल कमी बनवतं हे एक कारण, पण मुख्य कारण वेगळं : पोटातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्त तिथेच साचतं. मूत्रपिंडाला वाटतं रक्त आटलं, म्हणून ते रेनिनचा मारा सुरू करतं. मीठ-पाणी धरलं जातं आणि पोट फुगतं. अशा रुग्णाला साखळी तोडणाऱ्या गोळ्या धोक्याच्या ठरतात. अल्डोस्टेरॉनला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन तेवढी चालते, म्हणून पोटात पाणी झालेल्या रुग्णांच्या कागदावर तिचं नाव हमखास दिसतं.

माझी गोळी या साखळीत कुठे बसते?

नाव बघा. शेवट 'प्रिल' असेल (एनालाप्रिल, रॅमिप्रिल) तर ती फुप्फुसातल्या एसीईला अडवते. अँजिओटेन्सिन दोन फारसा बनत नाही. शेवट 'सार्टन' असेल (टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन) तर ती अँजिओटेन्सिन दोन जिथे जाऊन बसतो ती खुर्ची अडवते. तो बनतो, पण बसायला जागा नसते. आत्याची गोळी ही. 'लोल'वाल्या गोळ्या हृदयाचा वेग आवरतात आणि जाता जाता रेनिनही कमी करतात. अॅम्लोडिपिन या साखळीत नाहीच. ती रक्तवाहिनीच्या स्नायूला थेट सैल करते. म्हणून एकाच गोळीत टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिनची जोडी दिलेली दिसते : दोन वेगळ्या दारांवर दोन पहारेकरी.

प्रिल आणि सार्टन एकत्र घ्यायचं नसतं. घरात दोघांच्या गोळ्यांचे डबे अदलाबदल होतात, तेवढं सांभाळा.

'प्रिल'ने खोकला का येतो?

कारण एसीई दुसरंही एक काम करतं : ब्रॅडीकायनिन नावाचा पदार्थ मोडतं. ते अडवलं की ब्रॅडीकायनिन साठतं आणि घशात कोरडी खवखव सुरू होते. दहातल्या एखाद्याला होते. लोक महिनोन्महिने कफ सिरप, हळद-दूध, वाफारा करत राहतात. गोळीवर संशय जातच नाही. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र तो खोकल्याचा मामला नाही, तडक दवाखाना गाठा.

या ब्रॅडीकायनिनची गोष्ट सापाशी जाऊन पोचते. ब्राझीलमधल्या जाराराका सापाचं विष माणसाचं बीपी झपकन पाडतं. १९६५ साली सर्जियो फेरेरा यांनी त्या विषातून ब्रॅडीकायनिनचा जोर वाढवणारं द्रव्य वेगळं केलं. ते एसीईलाच अडवत होतं. त्याच धाग्यावर स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओंडेटी यांनी गोळीच्या रूपात घेता येईल असा रेणू घडवला. कॅप्टोप्रिल १९८१ साली अमेरिकेत बाजारात आलं, आणि 'प्रिल'चं घराणं तिथून सुरू झालं.

सापावरून आठवलं. सर्पगंधाही याच साखळीवर काम करते का?

नाही, तिचा रस्ता वेगळा आहे. पण हा प्रश्न मला आवडतो. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या मुळीचे बीपीच्या रुग्णांवरचे अनुभव मांडले आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. तिच्यातलं रेसरपिन मज्जातंतूंच्या टोकांतला साठा रिकामा करतं. म्हणजे नावात साप असलेली औषधी आपल्याकडची आणि औषध देणारा खरा साप ब्राझीलचा. घरी मुळी उगाळून घेऊ नका. मात्रा चुकली तर मन कमालीचं खिन्न होतं, आणि बीपी नको इतकं पडतं.

सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं बीपीचं इंजेक्शन येतंय, ते काय आहे?

हाच तो साखळीच्या मुळाशी गेलेला प्रयत्न, आणि याच्यामुळेच यकृत पुन्हा चर्चेत आलं. औषधाचं नाव झिलेबेसिरान. अमेरिकेतल्या अल्नायलम कंपनीने ते बनवलं आणि २०२३ पासून रोश कंपनी त्यात भागीदार आहे.

यकृताची पेशी प्रथिन बनवते तेव्हा जनुकाची एक नक्कल काढून घेते, आरएनएच्या भाषेत लिहिलेली चिठ्ठी. स्वयंपाकघरात चिठ्ठी आली की पदार्थ तयार होतो. झिलेबेसिरान हा आरएनएचाच एक छोटा तुकडा आहे. तो नेमकी अँजिओटेन्सिनोजेनची चिठ्ठी हुडकून पेशीकडूनच ती फाडायला लावतो. एक तुकडा अनेक चिठ्ठ्यांना पुरतो, म्हणून परिणाम महिनोन्महिने टिकतो. जनुक जिथल्या तिथे राहतं. फाटतात फक्त चिठ्ठ्या. शरीराची ही मूळ खुबी शोधल्याबद्दल अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना २००६ चं नोबेल मिळालं होतं. आणि तो तुकडा बरोबर यकृतातच कसा पोचतो? त्याला एका साखरेची शेपटी लावलेली असते, आणि ती साखर पकडणारे हात यकृताच्या पेशींवर भरपूर असतात. पोटावरच्या कातडीखाली टोचलं तरी माल यकृतात उतरतो.

२०२३ साली छापलेल्या पहिल्या टप्प्यात १०७ रुग्ण होते. सर्वांत मोठ्या मात्रेत रक्तातलं प्रथिन ९० टक्क्यांहून जास्त घटलं, आणि २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून मोठ्या एकाच टोचणीने वरचं बीपी १० मिलिमीटरहून जास्त उतरलं. २४ आठवड्यांपर्यंत ते उतरलेलंच राहिलं. दिवसरात्र सारखं, हे विशेष. काही गोळ्यांचा जोर पहाटे ओसरतो, आणि पहाटच हृदयविकाराची आवडती वेळ.

मग रोजची गोळी सुटणार?

लगेच नाही. हे औषध अजून अभ्यासातच आहे, मेडिकलमध्ये मागू नका. आत्याने हा प्रश्न विचारला तेव्हा तिच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मावळेल म्हणून मला सांगवेना. तरी सांगितलं.

दुसऱ्या टप्प्यातल्या एका अभ्यासात नुसत्या या औषधाने, खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत, वरचं बीपी तीन महिन्यांनी १४ ते १७ मिलिमीटर कमी दिसलं. पुढच्या अभ्यासात ते आधीच्या गोळीच्या जोडीला दिलं. इंडापामाइड या लघवीच्या गोळीबरोबर जादा फायदा सुमारे १२ मिलिमीटर, अॅम्लोडिपिनबरोबर जवळपास १०, आणि ओल्मेसार्टनबरोबर फक्त साडेचारच्या आसपास. हा शेवटचा आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. सार्टनने साखळी खालून आधीच अडवली आहे. वरून माल तोडला तर नवं किती मिळणार? २०२५ साली मांडलेल्या तिसऱ्या अभ्यासात, अनेक गोळ्या घेऊनही बीपी न आवरणाऱ्या लोकांत, फायदा सुमारे ५ मिलिमीटरचा होता आणि आधी ठरवलेली सांख्यिकी कसोटी तो पार करू शकला नाही.

आणि माझी स्वतःची शंका. टेल्मिसार्टन एक दिवस टाळता येते. टोचलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही. अपघातात रक्त गेलं, जोरदार गॅस्ट्रो झाला, तर ज्या यंत्रणेवर शरीराची भिस्त असते तिचा कोठारच रिकामा असेल. अभ्यासांत यावर बारीक लक्ष आहे, आणि शिरेतून सलाईन व दाब वाढवणारी औषधं देता येतात, हे खरं. पण अभ्यासातला रुग्ण आणि जवळचा दवाखाना चाळीस किलोमीटरवर असलेला रुग्ण यांत फरक आहे. हृदयविकार आणि पक्षाघात खरोखर कमी होतात का, याचं उत्तर काही वर्षं चालणाऱ्या मोठ्या अभ्यासातूनच मिळेल.

जी माणसं गोळी विसरतात, आणि ती थोडीथोडकी नाहीत, त्यांच्यासाठी मात्र ही कल्पना मोलाची आहे. हेही तितकंच खरं.

हे प्रथिन रक्तात तपासून मिळतं का?

नेहमीच्या लॅबमध्ये नाही, आणि गरजही नाही. लिव्हरच्या रिपोर्टमधल्या एसजीपीटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन यांत ते नसतं. तरुण वयात बीपी फार वाढलं किंवा पोटॅशियम कमी निघालं, तर डॉक्टर रेनिन आणि अल्डोस्टेरॉनची तपासणी सांगतात. रेनिनच्या एका पद्धतीत तुमचंच रक्तद्रव शरीराच्या तापमानाला ठेवून त्यात अँजिओटेन्सिन एक किती बनतं ते मोजतात. म्हणजे तुमच्या यकृताचं प्रथिनही आपसूक त्या हिशेबात येतं. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर लॅबला आणि डॉक्टरांना आधी सांगायचं ते म्हणूनच.

कलेजी खाल्ली तर बीपी वाढेल? लिव्हर टॉनिकने उतरेल?

दोन्ही नाही. कलेजीतलं प्रथिन पोटात इतर प्रथिनांसारखंच पचतं. तिच्यावर टाकलेलं मीठ मात्र पचून नाहीसं होत नाही. आणि टॉनिकच्या बाटलीवर काही लिहिलेलं असो, या प्रथिनावर नेम धरणारं त्यात काही नसतं.

जुलाब-उलट्या चालू असताना प्रिल-सार्टन घ्यायची का?

डॉक्टरांना फोन करून विचारा, आणि त्याच दिवशी. अंगातलं पाणी गेलेलं असताना मूत्रपिंड या साखळीच्या आधारावर गाळणं चालू ठेवतं. तो आधार गोळीने काढून घेतलेला असतो. त्यात लघवीची गोळी चालू असेल आणि अंग दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनही घेतली, तर तिघी मिळून एका आठवड्यात क्रिएटिनिन (मूत्रपिंड थकल्याची रक्तातली खूण) वर नेऊ शकतात.

मीठ कमी केलं तर या गोळ्यांची गरज उरते का?

मीठ कमी केलं की मूत्रपिंड रेनिन वाढवतं, साखळी जोरात चालते, आणि मग ती तोडणारी गोळी जास्त चांगली लागू पडते. उलट मीठ भरपूर खाणाऱ्यात साखळी आधीच मंद असते. तिथे सार्टनला तोडायला फारसं काही नसतं. झिलेबेसिरानच्या पहिल्या टप्प्यातही हेच दिसलं : जास्त मिठाच्या आहारावर इंजेक्शनचा परिणाम फिका पडला. तेव्हा गोळी आणि मीठ कमी करणं ही एकाच गाडीची दोन चाकं आहेत. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, पापड-लोणचं-चटणी धरून.

मग 'लो सोडियम' मीठ आणू का?

सार्टन किंवा प्रिल चालू असेल तर विचारल्याशिवाय नाही. आत्याने आणलं होतं. पाकीट उलटं करून घटक वाचले तर त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड होतं. अल्डोस्टेरॉन कमी झालं की शरीर पोटॅशियम बाहेर टाकेनासं होतं, आणि या गोळ्या नेमकं अल्डोस्टेरॉनच कमी करतात. वरून पोटॅशियमचं मीठ घातलं, त्यात वय आणि जराशी थकलेली मूत्रपिंडं, की हृदयाची लय बिघडण्याइतकी पातळी चढू शकते. आम्ही ते पाकीट शेजारी दिलं नाही, फेकून दिलं. शेजारचे काकाही टेल्मिसार्टनच घेतात.